सवतीचा टाक

“ताई, आदी ती मूठ सोडा,” कडूबाई म्हणाली. “गळ्यापाशी असं आवळून धरल्यावर खाली जोर कुठनं यायचा?”

खाटेवरच्या बाईने मूठ सोडली नाही. उलट दुसरा हातही त्याच मुठीवर दाबून धरला. कळ आली तशा तिने मांड्या एकमेकींना घट्ट लावल्या आणि कळ ओसरेपर्यंत श्वास कोंडून पडून राहिली. घामाने उशी भिजली होती.

कडूबाईने अकरा वर्षांत शेकड्यांनी बाळंतपणं केली होती. ओरडणाऱ्या बाया तिला ठाऊक होत्या, नवऱ्याला आणि देवाला शिव्या घालणाऱ्याही ठाऊक होत्या. येणारं मूल अडवून धरणारी बाई मात्र ती पहिल्यांदाच बघत होती.

परभणीतलं दिनकरराव मास्तरांचं घर ते. चैत्र सरत आला होता आणि दुपारचे बारा वाजत होते. ऊन इतकं पांढरं होतं की मागच्या दारातून दिसणारी परसातली भिंत डोळ्यांत खुपत होती. कुत्रं भुंकत नव्हतं, विहिरीवर रहाट वाजत नव्हता. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीणबाई रजेवर गेलेली, म्हणून मास्तरांनी चपराशी पाठवून दाईला बोलावलं होतं. चपराशाने एवढंच सांगितलं होतं, की मास्तरांकडे हैदराबादची पाव्हणी आली आहे, आठवा सरत आलाय आणि पहाटेच पाणी गेलंय.

मास्तरांची बायको धुरपताबाई पदराने वारा घालत उशाशी उभी होती. कडूबाईने तिला खुणेने बाहेर घेतलं.

“बाई अंग आखडून धरायलीय. पोटातलं घुसमटंल अशानं. काय हाय तिच्या मुठीत?”

धुरपताबाईने एकदा आत डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “सवतीचा टाक हाय, चांदीचा. दुसरेपणाची बाई घालतीच की गळ्यात, मेलेलीनं छळू नये म्हणून. माघात नवरा गेला. मंगळसूत्र उतरलं, पर ह्यो टाक काही काढंना ती.”

“हाय कोण ही?”

“अगं, कवी व्यंकटरावांची धाकटी, सुमनबाई. ते पहिल्या बायकोवर काव्य लिव्हलं न्हाई का त्यांनी, नर्मदेवर? शाळंतली पोरंबी म्हणत्यात. त्या नर्मदेला जिथं अग्नी दिला, तिथं ताडकळसला दगड बसवायचाय. आमच्या ह्यांनी कचेरीतनं इजाजत काढलीय. ही म्हणली, मी येणारच. पोटुशी बाई, त्यात रांडवपण, किती सांगितलं, ऐकंना. लेकरू व्हायच्या आत सवतीच्या पायाशी पदर पसरायचाय म्हणती. दोन झाली हिला. दोन्ही पाचव्या दिवशी गेली.”

“पाणी तापवा,” कडूबाई म्हणाली आणि न्हाणीत गेली.

रांजणातलं गार पाणी तिने मनगटांवर ओतलं. मग उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवून ती नाडी मोजू लागली. ही तिची जुनी सवय होती. त्या काव्याचा विषय निघाला की ती कुठेतरी आडोशाला जाऊन नाडी मोजायची. कारण ताडकळसच्या व्यंकटरावांची नर्मदा ती स्वतःच होती.

तिच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती, म्हणून जिंतूरकडच्या आई-बापांनी तिचं नाव कडू ठेवलं होतं. कडू नावाला मरण तोंड लावत नाही, अशी त्यांची समजूत. सासरी नाव बदललं, नर्मदा झालं. नवरा हैदराबादेत शिकलेला, तिथेच एका सरकारी दप्तरात नोकरीला चिकटलेला. सुट्टीला घरी यायचा तो वह्या घेऊन. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला मुलगी झाली. पाचव्या दिवशी सकाळी मुलगी गेली, आणि दुपारी तिच्या स्वतःच्या अंगात ताप भरला. संध्याकाळी सासूने, तानुबाईने, तिला खाटेवरून खाली घेतलं आणि तोंडात तुळशीचं पान ठेवलं. मंगळवार होता. समई लावलेली होती. व्यंकटराव उंबऱ्याच्या बाहेर बसले होते, कारण बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नसतं. तिला डोळे उघडता येत नव्हते, पण ऐकू सगळं येत होतं. कागदावर टाक कुरकुरत होता. थांबायचा, दौतीत बुडायचा, पुन्हा कुरकुरायचा. इकडे तिचा श्वास चालू होता आणि तिकडे तो लिहीत होता.

दिवस उजाडायच्या आत वही घेऊन तो पूर्णेच्या स्टेशनाकडे निघून गेला. त्याची रजा संपली होती.

तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि तिने पाणी मागितलं. तानुबाईच्या हातून तांब्या पडला.

जमिनीवर घेतलेलं माणूस उठत नाही. उठलंच, तर कोण उठलं ते सांगता येत नाही. घरात तिच्या हातचं पाणी कुणी घेईना. ती आत आली की बोलणं थांबायचं. हैदराबादला पत्र गेलं, की सून वाचली. महिन्याने उत्तर आलं. धाकट्या दिराने, बन्सीधरने, ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. काव्य पुण्याच्या मासिकात छापून आलं होतं. ठिकठिकाणांहून सांत्वनाची पत्रं येत होती. एका मोठ्या घरातून मुलगीही सांगून आली होती. शेवटी दोन ओळी होत्या. ‘माझ्यापुरती ती त्या सांजेलाच गेली. तिला माहेरी पोचवावे.’

पोचवलं. पुढे वर्षाने ती आपली कपड्यांची पेटी न्यायला भावाबरोबर ताडकळसला आली, ती नेमकी तिच्याच वर्षश्राद्धाच्या दिवशी. ओढ्याकाठी बन्सीधर पिंड ठेवत होता. ती बाभळीआड उभी राहिली. लोकांचे पिंड तास तास उन्हात पडून राहतात, घरची माणसं हात जोडून गेलेल्याला नाही नाही ती वचनं देतात, तेव्हा कुठे कावळा खाली येतो. इथे बन्सीधर मागे सरकलाही नव्हता, तोच कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

पेटी न घेताच ती परतली. भावाच्या घरीही फार दिवस राहिली नाही. परभणीला येऊन दवाखान्यात दाईचं काम शिकली आणि जुनं नाव परत लावलं. ताडकळसात ज्यांनी तिला उठून बसलेली पाहिली होती, त्यांनीही हळूहळू तिला मेलेली धरलं. छापून आलेलं खोटं कसं असेल?

काव्य मात्र तिच्या मागे मागे फिरलं. बाळंतपणाला जावं त्या घरी कुणीतरी ओसरीवर बसून गळा काढून म्हणत असायचं,

मंगळवारी सांज उतरली, वात समईची थरथरली,
हात माझिया हातामधुनी सैल सुटला, नर्मदा सरली.

तिचा हात त्याच्या हातात नव्हताच. आणि एवढ्या चाळीस कडव्यांत त्या पाच दिवसांच्या मुलीचा उल्लेख कुठेही नव्हता. पण सगळी माणसं इतक्या मनापासून रडायची, की कधी कधी तिचाच पाय डगमगायचा. लिहिलंय तसंच झालं असेल. आपण उठलो, ते नुसतं उठलो असू. मग ती बोटं मनगटावर ठेवायची. माघात व्यंकटराव गेल्याची बातमी कळली, तेव्हा कुंकू पुसायला हात उचलून ती आरशासमोर कितीतरी वेळ उभी होती. शेवटी हात खाली घेतला. नर्मदा सवाष्ण गेली, असं सगळा मुलूख म्हणत होता.

“कडूबाई!” धुरपताबाईने आतून हाक मारली. “लवकर ये गं, डोळे फिरवायलीय ही.”

कडूबाई आत गेली, सुमनबाईच्या तोंडावर पाणी मारलं. तेवढ्यात हातांची पकड ढिली झाली आणि मुठीतला टाक गळ्याशी लोळला. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा. त्यावर ठोकून काढलेली बाई, दोन टिंबांचे डोळे, अंगाला चिकटलेले हात. रोजच्या कुंकवाने डोळ्यांच्या खाचा लाल झालेल्या. कडूबाई त्या डोळ्यांकडे बघत राहिली, आणि ते डोळेही तिच्याकडे बघत राहिले.

“मला मोकळी करू नका,” सुमनबाई क्षीण आवाजात म्हणाली. “पोटात आहे तोवर ते जिवंत आहे. बाहेर आलं की ती नेते.”

“कोण नेती, ताई?”

“थोरली. तिच्या जागी जाऊन पाया पडणार होते. त्याच्या आधीच हे असं झालं. तिने येऊच दिलं नाही मला.” तिने कोरडे ओठ चाटले. “तुम्हाला ठाऊक नाही. दर मंगळवारी दिवे लागले की ते आतून कडी घालायचे. म्हणायचे, ती दारात आलीय, आत घेऊ नकोस. मग प्यायचे. सभेत लोक तेच काव्य म्हणायला लावायचे, ते म्हणायचे आणि घरी येऊन ओकायचे. त्यानंतर पंधरा वर्षांत धड एक ओळ लिहिली नाही त्यांनी. प्यायल्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायचे. ती मेली नाही, सुमन, ती मेलीच नाही. मला वाटायचं, केवढं हे प्रेम! हेवा वाटायचा मला तिचा. रोज तिला फूल वाहिलं, कुंकू लावलं. तरी तिने माझी दोन्ही नेली.”

कडूबाईचे हात जागच्या जागी थांबले. म्हणजे एक माणूस होता. साऱ्या मुलखात एकटा तोच होता, ज्याने तिला जिवंत धरलं होतं. आणि तेवढ्यासाठीच तो तिला भीत होता.

तिने वाकून सुमनबाईच्या पोटाला कान लावला. आतले ठोके मघाशी दुडक्या चालीने पळत होते. आता मध्येच थांबत होते, पुन्हा चालत होते. फार वेळ राहिला नव्हता.

खरं सांगता आलं असतं. पण ते कळायला, पटायला, त्यावर रडायला वेळ लागला असता, आणि तो आतल्या जिवाकडे नव्हता. शिवाय जिवंत नर्मदा घेऊन ही बाई करणार काय होती? तिला धरलं होतं ते मेलेलीने. सोडायचं तर मेलेलीनेच सोडायला हवं होतं.

“धुरपताबाई, पाणी बघा उकळलं का. मी हाक देईस्तोवर येऊ नका.”

तिने दार लोटलं. खोलीत अंधार झाला, फक्त कौलांतल्या फटीतून उन्हाची एक रेघ खाटेवर पडून राहिली. कडूबाईने डोक्यावरून पदर पुढे ओढला आणि ती खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली.

“सुमन.”

परक्या दाईने आपल्याला नुसत्या नावाने हाक मारावी, याचं नवल करायचंही भान सुमनबाईला नव्हतं. तिने मान उचलली.

“मी नर्मदा.”

सुमनबाईचं तोंड उघडं राहिलं.

“पाठीवर डाव्या फऱ्याखाली मस हाय त्याच्या,” पायथ्याचा आवाज म्हणाला. “वैशाखातबी पायावर पांघरूण घेतल्याबिगर झोपत न्हाई. भ्याला की बोटं मोजीत बसतो. अंगठ्यापसनं करंगळीपस्तोर, न् करंगळीपसनं अंगठ्यापस्तोर.”

सुमनबाईच्या घशातून बारीक आवाज निघाला. मग भीतीच्याही पलीकडचं काहीतरी तिच्या डोळ्यांत आलं. कोपरांवर रेटा देऊन ती अर्धी उठली. “का नेलीस गं माझी लेकरं? काय केलं होतं मी तुझं?”

“म्या न्हाई नेली. माजं एक होतं, पाच दिसांचं. ते मला राखता आलं न्हाई. तुजी नेऊन मी ठेवू कुटं?”

“मग दारात का यायचीस?”

“आलेच न्हवते कदी. त्योच बोलवायचा, न् त्योच भ्यायचा. आता त्यो न्हाई. मला बोलवणारं कोण उरलं न्हाई, सुमन. पाय सोड. येऊ दे लेकराला.”

कळ आली. सुमनबाईने पायथ्याकडे रोखलेली नजर हलवली नाही, पण तिच्या मांड्या सुटल्या, आणि सकाळपासून कोंडलेली किंकाळी तिच्या तोंडून बाहेर पडली. कडूबाईने पदर मागे टाकला आणि पुढे वाकली. त्यानंतर तिचे हात नेहमीसारखे चालले.

मुलगी होती. निळी पडलेली, गळ्याभोवती नाळेचा एक वेढा. कडूबाईने वेढा काढला, बोटाने तोंडातला चिकटा ओढला, पालथी धरून पाठ चोळली. एकदा चोळली, दोनदा चोळली. मग उताणी करून तिच्या इवल्या नाकातोंडावर तोंड ठेवून हळूच फुंकलं. पोर आचके देत रडली. दार ढकलून धुरपताबाई पाण्याचं पातेलं घेऊन आली, ती रडतच.

न्हाऊ-माखू झालं, पोर आईच्या कुशीत गेली. सुमनबाईने कडूबाईचा हात धरला. “त्या तुमच्या अंगात आल्या होत्या,” ती म्हणाली. “मी पाहिलं. त्यांनी सोडलं मला.”

“आल्या असतील,” कडूबाई म्हणाली.

न्हाणीत हात धुताना तिने नाडी बघितली. बोटं नीट ठेवली, तरी काही लागेना. तिने जागा बदलली, दाबून धरलं. पंधरा वर्षांत ते नाव तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. आज निघालं तेव्हा आवाज तिचा नव्हता. ती कधी अशी बोलली नव्हती, आणि हे सगळं बोलायचं असं आधी ठरवलंही नव्हतं. कितीतरी वेळाने बोटांखाली ठोका लागला, अगदी बारीक.

पाचव्या दिवशी ती दवाखान्यात गेली नाही. सकाळपासून मास्तरांकडे येऊन बसली आणि पोर मांडीवरून खाली ठेवली नाही. धुरपताबाईने पाचवीची पूजा मांडली. पोर दूध प्यायली, ओकली, पुन्हा प्यायली. दिवे लागले, दिव्यांनंतरची जेवणं झाली, तरी ती पीतच होती.

सहाव्या दिवशी ताडकळसला दगड निघाला. सुमनबाईने कडूबाईजवळ खण, नारळ आणि तांदूळ दिले. “मला आता उंबरा ओलांडता येत नाही. माझ्यातर्फे तुम्हीच त्यांची ओटी भरा. त्या तुमचं ऐकतात.” कडूबाईला नाही म्हणता आलं नाही.

बैलगाडीत दगडाला टेकून ती बसली. दिनकरराव मास्तर पुढे बसून वाटभर बोलत होते. दगडावर दोन ओळी कोरून घेतल्या होत्या आणि वर मोठ्या अक्षरांत नाव. “उद्या कचेरीचा माणूस समोर बसणार आहे, तेव्हा भाषण नाही, फक्त काव्यवाचन,” ते म्हणाले. “पण बाई, तुम्हाला सांगतो, एवढ्या उर्दूच्या राज्यात आपली मराठी कुणी जिवंत ठेवली असेल, तर या नर्मदेच्या मरणाने.”

ताडकळसला पोचायला दुपार झाली. मास्तर पाटलाकडे गेले आणि कडूबाई एकटीच ओढ्याकडे उतरली. पाणी आटलं होतं. काठच्या चिंचेखाली एक माणूस उभा होता. लाल पागोटं, पोट सुटलेलं, मिशा पिकायला लागलेल्या. तिने बन्सीधरला ओळखलं. त्याने चुन्याने चौकोन आखून दिला होता, आणि मुंजाजी नावाच्या गड्याने तिथे खणायला सुरुवात केली होती.

कडूबाईने चिंचेच्या बुंध्याकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं. बुंध्यापासून ओढ्याच्या बाजूला सात पावलं. तिची पाच दिवसांची पोर कुठे पुरली, ते तानुबाईने सांगितलं होतं, तेवढीच. जागा दाखवा म्हटल्यावर बन्सीधर तरी काय करणार? नर्मदेला अग्नी दिलेली जागा नव्हतीच. त्या आठवड्यात त्यांच्या घरातून इथे जे एकच आणलं होतं, ते त्यानेच आपल्या हातांवर आणलं होतं, आणि तेवढीच जागा त्याच्या ध्यानात राहिली होती.

“खणू नगा,” ती म्हणाली.

मुंजाजीने कुदळ खाली टेकवली. “का वं?”

“इथं माणूस हाय.”

“मसणवटाच की ह्यो, बाई. कुटंबी खणलं तरी माणूसच.”

“जाळलेलं न्हाई. पुरलेलं हाय. ल्हान.”

बन्सीधरने मान वळवली. त्याने तिचं तोंड पाहिलं, आणि मग त्याची नजर सरळ खाली, तिच्या पावलांवर गेली. पावलं पुढेच होती, धुळीने भरलेली. तरी त्याने खांद्यावरचं उपरणं गच्च धरलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

“तुमचं नाव?” त्याने विचारलं.

“कडूबाई. परभणीच्या दवाखान्यात दाई हाय.”

मुंजाजी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला.

“ती म्हणती तसं कर,” बन्सीधर म्हणाला. “चार हात तिकडं सरक.”

“अन् चुना?”

“पुसून टाक की! सरक म्हणलं ना!”

मुंजाजी कुदळ घेऊन पलीकडे गेला. कडूबाईने ओच्यातला खण, नारळ आणि तांदळाची पुरचुंडी काढून बन्सीधरसमोर दगडावर ठेवली. “नर्मदाबाईची ओटी हाय. सुमनताईनं धाडलीय. उद्या तुमीच ठेवा.” त्याने हात पुढे केला नाही. तिनेही वाट पाहिली नाही.

ती चुन्याच्या चौकोनात खाली बसली. मुंजाजीचे दोन घाव जमिनीत बसले होते. तेवढी उकरलेली माती तिने दोन्ही हातांनी गोळा केली, त्यातले खडे वेचून बाजूला टाकले, खळग्यांत माती परत लोटली, आणि पलीकडे कुदळ वाजत होती तोवर ती जागा हलक्या हाताने थोपटत राहिली.